हसण्याचे प्रकार की हसणाऱ्यांचे?

इंग्रजीच्या श्रीमंतीचे दाखले द्यायची वेळ आली की हसण्याची क्रियापदं हमखास पुढे केली जातात. चकल, गिगल, टिटर, स्निगर, कॅकल, गफॉ, चॉर्टल. आपल्याकडे एकटं 'हसणे', त्यांच्याकडे हसण्याच्या प्रत्येक आवाजाला वेगळं क्रियापद. म्हणजे इंग्रजांचा कान तिखट नि निरीक्षण बारीक, असा हा पूर्वपक्ष.

त्यातला मोजदादीचा भाग आधी निकालात काढू. क्रियेची रीत सांगण्याचं काम इंग्रजी बहुधा क्रियापदावरच टाकते, मराठी ते क्रियाविशेषणाकडे देते. खुदकन, खदाखदा, फिदीफिदी, खो खो, गालातल्या गालात ही मंडळी 'हसणे'चा हात धरून येतात, एवढंच. कोशातल्या नोंदी मोजून कानाची पारख होत नसते.

खरा प्रश्न असा, की हे शब्द आवाजांची नावं आहेत का? काही अंशी आहेत, हे मान्य करायला हवं. गिगल, चकल यांच्या शेवटचा 'ल' आणि टिटर, स्निगरमधला 'र' क्रियेची पुनरावृत्ती दाखवतात; हसण्यातले एकामागून एक येणारे हिसके त्यांत उतरले आहेत. कॅकल तर थेट कोंबड्या-बदकांकडून आला.

पण एक साधी कसोटी लावून पाहा. ही क्रियापदं प्रथमपुरुषी चालवा. 'आय चकल्ड' असं इंग्रज लेखक बिनदिक्कत लिहितो. 'आय स्निगर्ड' लिहिताना कचरतो, आणि लिहिलंच तर स्वतःच्याच डोक्यात टपली मारायला. शब्द नुसता आवाज सांगत असता, तर तो माझ्या तोंडून निघाला काय नि शेजाऱ्याच्या, फरक का पडावा? जुन्या-नव्या कादंबऱ्यांतली वाटणीही बघण्यासारखी आहे. पाइप ओढणारे प्राध्यापक चकल करतात, मागच्या बाकावरची पोरं स्निगर, चेटकिणी कॅकल, बायकांचा घोळका टिटर आणि गुत्त्यातला गाडीवान गफॉ. न्यायाधीशाला एकदा गिगल करायला लावा, त्याच्या निकालावरचा विश्वास तिथेच उडतो. हे शब्द ऐकणाऱ्याने हसणाऱ्यावर मारलेले शिक्के आहेत.

शिक्के कुठल्या टांकसाळीतले, तेही दिसतं. १७४८ साली लॉर्ड चेस्टरफील्डने आपल्या मुलाला पत्रातून बजावलं, की स्मित खुशाल कर, पण तुझं हसणं कुणाच्या कानावर पडता कामा नये. मोठ्याने हसणं हे झुंडीचं लक्षण. गफॉ हा स्कॉटिश शब्द लेखी आढळू लागतो तोही याच शतकात. खानदानी माणसाने तोंड मिटल्यावर उघड्या तोंडाच्या हसण्याला परगावचं नाव सोयीचं पडलं असेल, असा माझा कयास आहे.

चॉर्टलची गोष्ट पूर्वपक्षाला सर्वांत जड जाते. हा शब्द लुइस कॅरॉलने १८७१च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मधल्या एका निरर्थक कवितेसाठी घडवला; कोशकार त्याला चकल आणि स्नॉर्टचा संकर मानतात. म्हणजे शब्द आधी आला आणि त्याला साजेसं हसणं लोकांनी मागाहून शोधलं. तिखट कानाचा पुरावा म्हणून या शब्दाला कसं उभं करणार?

प्रत्यक्ष कान लावून ऐकणाऱ्यांना काय सापडलं? बाखोरोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ९७ तरुण-तरुणींची हजाराहून अधिक हसणी तपासली. ढोबळ गट पडले तीन: सुरेल, नाकातून फुरफुरणारं आणि घशात घुरघुरणारं. सुरेल हसू बायकांत अधिक, घुरघुर पुरुषांत अधिक, एवढा आधार पूर्वपक्षाला मिळतो. तो नाकारण्याचं कारण नाही. पण एकाच माणसाच्या हसण्यातही इतकी विविधता आढळली, की प्राध्यापकाला चकल आणि गाडीवानाला गफॉ जन्मभर बांधून देता येत नाही.

आता यावर कुणी स्वदेशाभिमानाने नाट्यशास्त्र पुढे करील. भरताच्या सहाव्या अध्यायात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा भेद आहेत आणि वर्णनं खरोखर नेमकी आहेत: स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात, अतिहसितात माणूस हातांनी कुशी धरतो. पण वाटणी बघा. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. चेस्टरफील्डला हे तत्काळ पटलं असतं. फरक इतकाच, की भरत पायरी उघड सांगतो आणि इंग्रजी शब्द ती पोटात ठेवतो. आपलं 'फिदीफिदी'ही काही निष्पाप नाही. 'मी फिदीफिदी हसलो' असं कोण म्हणतं?

हसण्याचीच प्रतवारी करणारे इंग्रजी शब्द सापडतात ते हसवण्याचा धंदा करणाऱ्यांकडे. मूकपटांतल्या विनोदवीरांच्या बोलीत हसण्याचे चार दर्जे होते, असं चित्रपट-समीक्षक जेम्स एजीने १९४९ साली 'लाइफ' साप्ताहिकात नोंदवलं: टिटर, याउल, बेलीलाफ आणि बॉफो. टिटर म्हणजे जेमतेम खसखस, बॉफो म्हणजे प्रेक्षकाचा जीव जाईल असं हसू. तिथे टिटर बायकांचं राहत नाही, बॉफो गाडीवानाचा नसतो. अंधाऱ्या थिएटरात कोण हसतंय हे पडद्यावरच्या विनोदवीराला दिसत नव्हतंच. किती हसतंय यावर त्याचं पुढचं काम ठरत होतं.