बैलजोडीची निगा (वऱ्हाड)

बैलजोडीची निगा म्हणजे शेतीकामासाठी पाळलेल्या बैलांचा चारा, पाणी, गोठा, खांदे, खूर आणि आजार यांकडे शेतकरी कुटुंबाने रोज पुरवायचे लक्ष होय. अमरावती, अकोला आणि लगतच्या वऱ्हाडी भागात कापूस, तूर व सोयाबीनच्या शेतांत ट्रॅक्टर आला असला, तरी उभ्या पिकातील डवरणीसाठी अनेक शेतकरी आजही बैलांवर विसंबून असतात. घोडा येथे स्वारी, टांगा व वरात यांपुरता राहिला, औताला आला नाही. बैलाच्या वशिंडापुढे साधे लाकडी जू नीट टेकते. घोड्याला मात्र ओढकामासाठी वेगळा गळपट्टा किंवा छातीपट्टा लागतो.

चारा आणि पाणी

ज्वारीचा कडबा, तुरीचे व हरभऱ्याचे कुटार आणि भिजवलेली सरकीची ढेप हा वऱ्हाडी गव्हाणीतला नेहमीचा आहार. सोयाबीनचा पेरा वाढला, तसे ज्वारीचे क्षेत्र घटले आणि कडबा महागला. सोयाबीनच्या कुटाराने ती उणीव काही अंशीच भरून निघते. कोवळी किंवा पावसाअभावी खुंटलेली ज्वारी जनावरांना विषारी ठरते. तिच्यातील सायनाइडजन्य द्रव्यामुळे भरल्या अंगाचा बैलही थोड्या वेळात दगावू शकतो, म्हणून अशा शेतात जनावर मोकळे सोडत नाहीत.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते. तेथे जनावरांच्या पाण्यासाठी नळयोजना, तलाव किंवा साठवलेले पावसाचे पाणी यांचा आधार घ्यावा लागतो. उन्हाळ्यात हेच काम सर्वांत जिकिरीचे होते.

खांदा

निगेचा खरा कस खांद्यावर लागतो. जू खडबडीत असेल, पावसाने भिजले असेल किंवा जोडीतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असेल, तर भार एका बाजूला पडून कातडी सोलते, सूज येते आणि पुढे जखम चिघळते. अशा बैलाला विश्रांती देणे हाच पहिला उपचार. पण डवरणीचे दिवस मोजके असतात; पावसाने उघडीप देताच तण काढले नाही, तर पीक दबते. एकच जोडी असलेल्या घरात त्यामुळे बैलाचा खांदा वाचवावा की पीक, असा पेच पडतो. शेजाऱ्याशी सावड करून दोन घरांचे बैल आळीपाळीने जुंपणे हा त्यावरचा जुना तोडगा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद व तूप किंवा लोणी लावून खांदे शेकण्याची प्रथा आहे. ती धार्मिक मानली जाते, मात्र तिच्यामागे हा व्यवहारही दिसतो.

खूर

काळ्या मऊ जमिनीत बैलाला नालांची विशेष गरज पडत नाही; बंडी ओढताना डांबरी रस्त्यावर खूर झिजतात, तेव्हा ती पडते. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने प्रत्येक पायाला दोन पातळ पत्र्या ठोकतात. घोड्याला उभ्यानेच नाल मारतात, तर बैलाला सहसा दोराने पाडून पाय बांधावे लागतात. हे काम नवख्याने करू नये, कारण पाडताना बरगडी किंवा शिंग मोडण्याचा धोका असतो. पावसाळ्यात गोठ्यात चिखल व मूत्र साचले, तर खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. म्हणून शेण रोज काढून जमीन कोरडी ठेवतात.

आजार

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, तर लाळ्या-खुरकुताची लस ठरावीक काळाने देतात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची मोठी साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा अकोला, अमरावती व बुलढाणा हे जिल्हे विशेष बाधित झाले. प्रतिबंधासाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरण्यात आली. रोगातून वाचलेला बैलही बराच काळ कामाला येत नाही.

वृद्ध बैल

दहा-बारा वर्षांनंतर बैलाची ओढ कमी होते. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आणि नव्या जोडीसाठी त्यातून मिळणारी रक्कम आटली. काही घरांत म्हातारा बैल अखेरपर्यंत गोठ्यातच राहतो. काही गोरक्षण संस्थांकडे पाठवले जातात.