लॉस एंजलिसमध्ये चीनच्या वाट्याला किती सुवर्णपदके?

बॅडमिंटनला ऑलिम्पिकमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला तो १९९२ साली, बार्सिलोनात. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत या खेळात एकूण ४४ सुवर्णपदके दिली गेली. त्यांपैकी नेमकी निम्मी, म्हणजे २२, एकट्या चीनने पटकावली. इंडोनेशिया ८ आणि दक्षिण कोरिया ७ सुवर्णपदकांसह बऱ्याच अंतरावर आहेत. हे आकडे पाहिले की जुलै २०२८ मधील लॉस एंजलिस ऑलिम्पिकचे भाकीत करणे फारसे अवघड वाटत नाही. मात्र एकूण बेरीज बाजूला ठेवून प्रत्येक स्पर्धेचा निकाल स्वतंत्रपणे तपासला, तर चित्र बरेच वेगळे दिसते.

बार्सिलोनात चीनला पाच पदके मिळाली; सुवर्ण मात्र एकही नव्हते. अटलांटात (१९९६) महिला दुहेरीत गे फेई आणि गु जुन यांनी पहिले सुवर्ण मिळवून दिले. पुढे सिडनीत चार, अथेन्स आणि बीजिंगमध्ये प्रत्येकी तीन अशी सुवर्णपदके आली आणि २०१२ मध्ये लंडनला चीनने पाचही प्रकार जिंकले. या मोसमाला एक गालबोटही लागले. सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल महिला दुहेरीतील चार जोड्यांना स्पर्धेबाहेर काढण्यात आले. त्यांत वांग शियाओली व यु यांग ही चीनची जगज्जेती जोडीही होती. तरीही सुवर्ण चीनलाच मिळाले, कारण तियान चिंग व झाओ युनलेई ही त्यांची दुसरी जोडी तयार होती. चीनचे खरे बळ हेच आहे.

लंडननंतर चित्र बदलले. रिओत दोन, टोकियोत दोन, पॅरिसमध्येही दोनच सुवर्णपदके. हा निव्वळ योगायोग नव्हे. लंडनपर्यंत एकेरीत एका देशाचे तीन खेळाडू उतरू शकत. रिओपासून ही संख्या दोनवर आली. म्हणजे पाच प्रकार मिळून कोणत्याही देशाची कमाल मजल दहा पदकांची. शिवाय स्पेन, जपान, तैवान, थायलंड असे नवे स्पर्धक पुढे आले. तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांनी टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत चिनी जोडीला हरवले.

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरिसला झालेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या दृष्टीने बोलकी ठरली. चीन पाचही प्रकारांच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि जिंकला दोनच! पुरुष एकेरीत शी युकी आणि महिला दुहेरीत लिऊ शेंगशू व तान निंग विजेते ठरले. महिला एकेरीत जपानच्या अकाने यामागुचीने, पुरुष दुहेरीत कोरियाच्या किम वोन-हो व सेओ सेउंग-जे यांनी आणि मिश्र दुहेरीत मलेशियाच्या चेन तांग जे व तो ई वेई यांनी चीनला रोखले. अंतिम फेरी गाठणे ही चीनच्या व्यवस्थेची हमी असते, शेवटचा सामना जिंकण्याची हमी कोणतीच व्यवस्था देऊ शकत नाही.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. लिन डॅन फुजियान प्रांताच्या डोंगराळ शांगहांग परगण्यातला. पाच वर्षांचा असताना त्याच्या हाती रॅकेट आली. परगण्याची क्रीडाशाळा, प्रांताचा संघ आणि मग राष्ट्रीय संघ या चाळणीतून खेळाडू वर येतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या मागे तितक्याच तयारीचा दुसरा उभा असतो. आपल्याकडेही २००१ च्या राज्य क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा, तालुका अशी संकुलांची उतरंड आखली. पण संकुल आणि शाळा यांत फरक आहे. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. अंबड किंवा मंठ्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला रोज शिकवणारा प्रशिक्षक मिळतो का, हा प्रश्न इमारतीने सुटत नाही. वारा न शिरणारे, उंच छताचे सभागृह आणि सतत लागणारी पिसांची शटल यांमुळे हा खेळ मुळातच खर्चिक आहे. ज्या खेळाचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्यात आकाराला आले, त्याबाबत ही स्थिती खटकते.

आता प्रत्यक्ष अंदाज. महिला दुहेरी हा चीनचा बालेकिल्ला. नऊपैकी सहा सुवर्णपदके त्यांची. पॅरिसच्या रौप्यविजेत्या लिऊ आणि तान २०२८ मध्येही पंचविशीच्या आसपास असतील. या सुवर्णावर चीनचे नाव जवळपास लिहिलेच आहे. मिश्र दुहेरीत झेंग सिवेई व हुआंग याचिआँग ही पॅरिसची विजेती जोडी निवृत्त झाली असली तरी जियांग झेनबांग-वेई याशिन आणि फेंग यानझे-हुआंग डोंगपिंग अशा दोन भक्कम जोड्या त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. येथेही चीनचेच पारडे जड आहे.

महिला एकेरीत मात्र आन से-यंगची भिंत आहे. पॅरिसची ही कोरियन विजेती २०२८ मध्ये अवघ्या २६ वर्षांची असेल. २०२५ मध्ये चीनच्या वांग झियीला तिने अंतिम सामन्यांत वारंवार नमवले. जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चेन युफेईने तिला हरवले खरे, पण तो अपवाद होता. रौप्य किंवा कांस्य चीनचे, सुवर्ण कठीण. पुरुष एकेरीत शी युकी तोवर ३२ वर्षांचा झालेला असेल. याच वयात लिन डॅन रिओत पदकाविना परतला होता. उलट झांग निंगने बीजिंगमध्ये तेहतिसाव्या वर्षी सुवर्ण राखले. एकेरीत धक्के बसतात. अव्वल मानांकित लिन डॅन अथेन्समध्ये पहिल्याच फेरीत सिंगापूरच्या रोनाल्ड सुसिलोकडून हरला होता.

उरली पुरुष दुहेरी. चीनचा सर्वांत कच्चा दुवा हाच. येथे त्यांची दोनच सुवर्णपदके आहेत आणि दोन्हींत फू हाईफेंग होता. मराठी वाचकाला रस वाटावा तो नेमका याच प्रकारात, कारण मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांची गाठ येथेच पडू शकते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चीनच्याच भूमीवर त्यांनी २०२३ मध्ये सुवर्ण जिंकले. मात्र २०२५ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत चेन बोयांग व लिऊ यी यांनी तीन गेममध्ये त्यांची वाट अडवली आणि कांस्यावर समाधान मानावे लागले. लॉस एंजलिसच्या वेळी चिराग ३१ वर्षांचा आणि सात्त्विक २७ वर्षांचा असेल. भारताच्या नावावर ऑलिम्पिक बॅडमिंटनमध्ये सायनाचे एक आणि सिंधूची दोन अशी तीनच पदके आहेत; त्यांत सुवर्ण नाही आणि पुरुषांचे एकही नाही.

हिशेब मांडायचा तर चीनला पाच ते सहा पदके आणि त्यांत दोन सुवर्ण. नशिबाने साथ दिली तर तीन. लंडनची पुनरावृत्ती संभवत नाही. लॉस एंजलिस भारताच्या साडेबारा तास मागे असल्याने तेथे सायंकाळी सातला सुरू होणारा सामना जालन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, ऐन चहाच्या वेळी पाहता येईल.