सार्वजनिक मैदान आणि केनी वॉशिंग्टन

अमेरिकी फुटबॉलचा व्यवसाय 1920 साली ओहायो राज्यात संघटित लीगच्या रूपाने उभा राहिला, तेव्हा त्यात कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव नव्हता. ॲक्रन संघाला पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळाले, त्यात मोठा वाटा असलेले फ्रिट्झ पोलार्ड कृष्णवर्णीय होते आणि पुढल्या हंगामात त्यांनी त्या संघाच्या प्रशिक्षकपदाची धुराही सांभाळली. पुढे नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखल्या गेलेल्या याच लीगमध्ये 1933 च्या हंगामानंतर मात्र एकही कृष्णवर्णीय खेळाडू उरला नाही. असा कोणताही लेखी नियम नव्हता. संघमालकांच्या आपसांतील समजुतीवर ही बंदी सलग बारा हंगाम टिकली, आणि लेखी नसल्यामुळेच तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. केनी वॉशिंग्टन यांच्या उमेदीची वर्षे नेमकी या काळात आली.

1918 साली लॉस एंजलिसमध्ये जन्मलेले वॉशिंग्टन तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या संघात टेलबॅक या जागी खेळत. त्या काळच्या रचनेत मधला खेळाडू चेंडू मागे सोडी तो बहुधा थेट टेलबॅकच्या हाती येई आणि तो घेऊन धावायचे की पुढे फेकायचे, हा भार त्याच्यावर असे. शिवाय तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्ही करत. 1939 च्या हंगामात धाव आणि फेक मिळून सर्वाधिक यार्ड मिळवणारा विद्यापीठीय खेळाडू म्हणून ते देशात पहिले आले. पुढे बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडणारे जॅकी रॉबिन्सन त्या वर्षी त्यांच्याच संघात होते. हंगामातील अखेरचा सामना शहरातीलच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. शेवटच्या काही मिनिटांत यूसीएलएचा संघ गोलरेषेपासून अवघ्या काही यार्डांवर पोहोचला, तेव्हा लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घ्यावेत की पलीकडे नेऊन सहा, यावर खेळाडूंनी मैदानातच मते घेतली. फेकण्याचे ठरले, वॉशिंग्टन यांनी फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने खाली पाडला आणि सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला.

विद्यापीठांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. 1940 च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन यांचे नाव कोणीही घेतले नाही. शिकागो संघाचे मालक जॉर्ज हॅलस यांना ते हवे होते, पण इतर मालकांची संमती त्यांना मिळू शकली नाही, असे वॉशिंग्टन यांचे सहखेळाडू वूडी स्ट्रोड यांच्या आठवणींत आले आहे. परिणामी ते पॅसिफिक किनाऱ्यावरील एका दुय्यम लीगमध्ये, मुख्यतः हॉलिवुड बेअर्स संघाकडून खेळत राहिले. कृष्णवर्णीयांना त्या लीगमध्ये वाव होता. खेळाडूच्या शरीराची सर्वांत चांगली वर्षे तेथे खर्ची पडली आणि गुडघ्यांची दुखणीही त्यांच्या वाट्याला आली.

बंदी मोडली ती जागेच्या प्रश्नावरून. 1945 चे विजेतेपद मिळवलेला क्लीव्हलँडचा रॅम्स संघ मालक डॅन रीव्ह्ज यांनी लॉस एंजलिसला हलवण्याचे ठरवले आणि तेथील मेमोरियल कोलिझियम हे अवाढव्य क्रीडांगण भाड्याने मागितले. हे क्रीडांगण खासगी नव्हते. करदात्यांच्या पैशावर चालणारी ती वास्तू एका सार्वजनिक आयोगाच्या ताब्यात होती. जानेवारी 1946 मधील आयोगाच्या बैठकीत लॉस एंजलिस ट्रिब्यून या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडासंपादक हॅली हार्डिंग यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले: ज्यांच्या करातून मैदान उभे आहे, त्यांनाच वगळणाऱ्या संघाला ते कसे देता येईल? या युक्तिवादाला रॅम्सच्या प्रतिनिधींजवळ उत्तर नव्हते. 21 मार्च 1946 रोजी वॉशिंग्टन करारबद्ध झाले आणि पाठोपाठ स्ट्रोडही. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीगमधील क्लीव्हलँड ब्राउन्सने मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना घेतले, हेही नोंदवायला हवे. तरी जुन्या लीगचे दार संघमालकांच्या हृदयपरिवर्तनाने उघडले नाही, ते एका पत्रकाराने सार्वजनिक मालकीचा हक्क बजावल्यामुळे उघडले.

तेव्हा वॉशिंग्टन सत्तावीस वर्षांचे होते आणि गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. तरीही 1947 मध्ये त्यांनी दर धावेमागे सरासरी 7.4 यार्ड मिळवून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, आणि त्या वर्षीचे विजेतेपद पुढे ज्यांना मिळाले त्या शिकागो कार्डिनल्सविरुद्ध 92 यार्डांची धाव घेऊन टचडाउन केले, म्हणजे चेंडू हातात घेऊन गोलरेषा ओलांडली. 1948 च्या अखेरीस ते निवृत्त झाले.

जागेचा हाच प्रश्न पुढे राजधानीतही आडवा आला. वॉशिंग्टन शहराच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल एकाही कृष्णवर्णीयाला घेण्यास अखेरपर्यंत नकार देत राहिले. परंतु त्यांचे नवे क्रीडांगण केंद्र सरकारच्या जमिनीवर असल्यामुळे अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट यूडॉल यांनी 1961 मध्ये त्यांना बजावले आणि 1962 मध्ये बॉबी मिचेल आदी खेळाडू त्या संघात आले.

वॉशिंग्टन 1971 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी वारले. विद्यापीठीय फुटबॉलने त्यांना 1956 मध्येच आपल्या सन्मानदालनात स्थान दिले होते. व्यावसायिक लीगमधील त्यांच्या नावावर मात्र तीन हंगाम आणि सत्तावीस सामने एवढेच जमा आहेत, आणि त्या आकड्यांवर त्यांची थोरवी जोखणे अन्यायाचे ठरते, कारण त्याआधीचे सहा हंगाम त्याच लीगने त्यांच्यापासून हिरावून घेतले होते.