यंत्रापुढील रांग

यंत्र मनुष्यासाठीं थांबत नाहीं, असें आपण म्हणतों. पण संगणकाच्या बाल्यांत स्थिति उलट होती. एकाचें काम संपून दुसऱ्याची मांडामांड होईपर्यंत तें महागडें यंत्र रिकामें राही. १९५६ मध्यें अमेरिकेंत जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनीं आयबीएम ७०४ साठीं कार्यप्रणाली रचिली. एक काम संपतांच ती फितीवरील पुढचें काम आपण होऊन हातीं घेई. आज रांगेंतील कामें पडद्याआड उरकणारे ‘वर्कर’ याच परंपरेंतले. परंतु वर्कर मध्येंच बंद पडला तर? काम उचलतांच त्याची नोंद खोडल्यास तें बुडतें; पूर्ण झाल्यावर खोडल्यास क्वचित् तें दोनदां होतें, आणि कोणाचे पैसे दोनदां वळते होतात. म्हणून नोंद शेवटींच खोडावी, व पुनरावृत्तीनेंहि परिणाम बदलूं नये अशी कामाची रचना करावी, असें आम्हांस वाटतें. वेग रांगेनें मिळाला. विश्वास या दक्षतेनेंच मिळतो.