घरगुती मोडेम, तार आणि इंटरनेटचा वेग : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इंटरनेट मंदावले की घरातील मोडेम जुना झाला, असा निष्कर्ष सहज काढला जातो. नवे यंत्र आणले जाते. पुष्कळदा वेग मात्र पूर्वीइतकाच राहतो. मोडेम बदलल्याने सेवेचा वेग व विश्वसनीयता खरोखर वाढते काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी त्याचे उत्तर दूरसंचाराच्या इतिहासात सापडते. वसई-विरार परिसरातील चांदीपसारख्या गावातील कुटुंबाने पैसा कशावर खर्च करावा आणि सेवा पुरविणाऱ्यांकडे नेमके काय मागावे, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा कालखंडानुसार विचार केला आहे.

डायल-अपचा कालखंड

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सेकंदाला ९.६ किलोबिट हा त्या वेळचा परिचित वेग होता. पुढे १४.४, २८.८ व ३३.६ किलोबिटचे मोडेम वापरात आले. सेवादात्याकडील यंत्रे तशाच क्षमतेची असल्यास नव्या मोडेमचा लाभ प्रत्यक्ष जाणवत असे. १९९८ मधील व्ही.९० या मानकाने ५६ किलोबिटची मर्यादा गाठली. परंतु त्यासाठी दूरध्वनी केंद्र डिजिटल असणे आणि मार्गात संकेताचे रूपांतर एकदाच होणे आवश्यक होते. ही अट पूर्ण न झाल्यास महागडा मोडेमही ३३.६ किलोबिटच्या आसपासच थांबे. यंत्राची क्षमता तारेच्या व केंद्राच्या क्षमतेने बांधलेली असते, हा धडा येथेच मिळाला.

तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड

वसई-विरार परिसर महानगर टेलिफोन निगमच्या मुंबई क्षेत्राबाहेर राहिला. त्यामुळे १ ऑक्टोबर २००० पासून तेथील सरकारी दूरध्वनी सेवा भारत संचार निगमकडे आली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड मानले आणि जानेवारी २००५ मध्ये निगमची ‘डाटावन’ सेवा सुरू झाली. १ जानेवारी २००७ पासून अनेक योजनांतील वेग दोन मेगाबिटपर्यंत नेण्यात आला. घर तेच, तार तीच आणि मोडेमही बहुधा तोच असताना हा बदल झाला, कारण पूर्वीची मर्यादा योजनेने घातलेली होती.

दुसरी मर्यादा अंतराची होती. एडीएसएल२+ मानकाचा कमाल वेग २४ मेगाबिट असला, तरी तो केंद्राच्या जवळच मिळतो. तार सुमारे तीन किलोमीटरपेक्षा लांब झाली की जुन्या एडीएसएलच्या तुलनेत त्याचा लाभ फारसा उरत नाही. गंजलेला जोड किंवा पावसाळ्यात तारेत शिरलेले पाणी यांवर नवा मोडेम हा उपाय नव्हे. दूरध्वनी केंद्रापासून लांब असलेल्या वस्तीला हा भेद विशेष जाणवणे स्वाभाविक होते.

केबल मोडेम

केबल टीव्हीच्या तारेवरील इंटरनेटसाठी डॉक्सिस १.० हे मानक १९९७ मध्ये तयार झाले. त्यात एका वेळी एकाच वाहिनीतून माहिती घरापर्यंत येई व ती वाहिनी शेजारची अनेक घरे वाटून घेत. २००६ मधील डॉक्सिस ३.० मध्ये किमान चार वाहिन्या एकत्र बांधण्याची सोय झाली. येथे मोडेम बदलण्यास खरा अर्थ आहे : जुने यंत्र गर्दीच्या एकाच वाहिनीवर अडकते, तर नवे यंत्र भार विभागते, म्हणून सायंकाळच्या गर्दीतही वेग व स्थैर्य सुधारू शकते. मात्र केबलचालकाने आपल्या केंद्रात तशी व्यवस्था केलेली असली पाहिजे. मुंबई परिसरात अनेक चालकांनी इमारतीपर्यंत वेगळी लॅनची तार ओढून सेवा दिली. अशा ठिकाणी केबल मोडेमचा प्रश्नच उद्भवत नाही. तसेच वाटेतील ॲम्प्लिफायरची वीज गेली, तर घरातील कोणतेही यंत्र सेवा टिकवू शकत नाही.

प्रकाशतंतूचा कालखंड

प्रकाशतंतूच्या जोडणीत घरातील मुख्य यंत्र बहुधा सेवादाताच देतो. ग्राहकाच्या हाती प्रामुख्याने वाय-फाय राउटर उरतो. त्याच्या बदलाने घरातील दूरच्या खोलीपर्यंतचा वेग सुधारतो; बाहेरून घरात येणारा वेग वाढत नाही. राउटरला तारेने संगणक जोडून वेग मोजल्यास दोष घरातला की बाहेरचा, याचा उलगडा होतो.

निष्कर्ष

मोडेम जेव्हा साखळीतील सर्वांत दुबळा दुवा असतो, तेव्हाच त्याच्या बदलाने वेग वाढतो. एरवी योजना, तार, अंतर व केंद्र हेच निर्णायक ठरतात. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या दोन मेगाबिट झाली. परंतु व्याख्या बदलल्याने जुनी तार बदलत नाही. सार्वजनिक पायाभूत सुविधेतील उणीव कुटुंबाने स्वखर्चाने नवे यंत्र घेऊन भरून काढावी, ही अपेक्षा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. म्हणूनच चांदीपसारख्या गावाची पहिली मागणी नव्या यंत्राची नव्हे, तर चांगल्या जोडणीची असावयास हवी.