सामायिक कार्यप्रतीचे स्वयंचलित अद्ययावतीकरण

सामायिक कार्यप्रतीचे स्वयंचलित अद्ययावतीकरण म्हणजे आवृत्ती नियंत्रण प्रणालीच्या भांडारात कमिट होताच, सर्व्हरवरील सर्वांच्या वापरातील कार्यप्रत आपोआप ताज्या आवृत्तीवर आणण्याची पद्धत होय. संकेतस्थळांच्या चाचणी-प्रतींसाठी ती विशेष प्रचलित आहे.

सबव्हर्जनमधील कार्यपद्धती

सबव्हर्जनच्या (आवृत्ती १.०, फेब्रुवारी २००४) प्रत्येक भांडारात 'हुक्स' ही निर्देशिका असते. तिच्यातील 'पोस्ट-कमिट' ही आज्ञावली कमिट पूर्ण झाल्यावर चालते. तिच्यात 'एसव्हीएन अपडेट' ही एक ओळ लिहिली की काम झाले असे वाटते. अडचणी मात्र तेथूनच सुरू होतात. भांडार अपाचेमार्फत उपलब्ध असेल तर हुक अपाचेच्या खात्याने चालतो, आणि त्या खात्यास कार्यप्रतीत लिहिण्याची परवानगी नसल्यास अद्ययावतीकरण फसते. हुकला परिवेश-चलेही मिळत नाहीत, त्यामुळे आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. हाताने नीट चालणारी आज्ञावली हुकमध्ये चालत नाही, या नवशिक्यांच्या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

हुक अयशस्वी झाला तरी कमिट रद्द होत नाही. भांडार पुढे जाते आणि कार्यप्रत मागे राहते. लागोपाठ दोन कमिट झाल्यास पहिल्या अद्ययावतीकरणाच्या कुलुपामुळे दुसरे अडू शकते. सर्वांत घातक म्हणजे कोणी सामायिक प्रतीतच थेट दुरुस्ती करणे: अशा फाइलमध्ये संघर्षाच्या खुणा उमटतात आणि चालू पान बंद पडते.

गिट

गिटमध्ये (२००५) हे काम सर्व्हरवरील 'पोस्ट-रिसीव्ह' हुक करतो. कार्यप्रतीत उघडलेल्या शाखेवर बाहेरून पुश करण्यास गिट मुळात नकार देते; आवृत्ती २.३ पासून 'अपडेट-इन्स्टेड' हा पर्याय निवडल्यास कार्यप्रत स्वच्छ असतानाच ती बदलली जाते. सबव्हर्जनच्या तुलनेत ही सावधगिरी निश्चितच इष्ट आहे.

मर्यादा

फाइली बदलल्या म्हणजे प्रणाली बदलली असे नव्हे. मुंबईतील फ्रापे या कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीत 'बेंच अपडेट' ही आज्ञा नवी संहिता आणण्याबरोबरच विदागाराची राखीव प्रत घेते व त्याची रचनाही बदलते. केवळ संहिता पुढे गेली आणि तक्ते जुनेच राहिले, तर हिशेबाच्या नोंदी करताना प्रणाली अडखळू शकते. याखेरीज '.एसव्हीएन' किंवा '.गिट' निर्देशिका संकेतस्थळावर उघडी राहिल्यास मूळ संहिता व तिच्यातील संकेतशब्द परक्यांच्या हाती पडू शकतात. त्यामुळे वेब सर्व्हरवर या निर्देशिकांना प्रवेशबंदी करतात.