विलायतेंतील बिऱ्हाड

परदेशीं विद्येसाठीं गेलेल्या तरुणांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, तें बहुतेक त्यांच्या पदव्यांविषयीं असतें. अमुक सालीं बोटीवर चढले, अमुक सालीं बॅरिस्टर होऊन परतले, एवढ्यावर चरित्रकार समाधान मानतो. मधल्या काळांत हा मनुष्य रात्रीं निजत कोठें होता, जेवत काय होता, आणि त्यानें दार ठोठावल्यावर आंतून कोणाचें तोंड दिसत होतें, हे प्रश्न क्षुल्लक म्हणून वगळले जातात. वस्तुतः ते क्षुल्लक नाहींत. लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांच्या इतिहासाकडे पाहिलें तर असें दिसतें कीं, बिऱ्हाडाचा हा साधा प्रश्न पुढें राजकारणाचा प्रश्न झाला, आणि तो ज्या रीतीनें हाताळला गेला तिचें फळ विद्यार्थी व सरकार या दोघांनाही भोगावें लागलें.

आरंभीं ही अडचण फारशी जाणवली नाहीं. १८३८ सालीं मुंबईच्या वाडिया घराण्यांतील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणी शिकण्यासाठीं चॅथमच्या सरकारी गोदींत गेले. १८४५ सालीं कलकत्त्याहून वैद्यकाचे चार विद्यार्थी लंडनला गेले, त्यांच्या पाठीशीं द्वारकानाथ टागोरांसारखा धनिक व डॉ. गुडीव्ह यांच्यासारखा अध्यापक होता. पुढें १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला, प्रवासाचे महिने आठवड्यांवर आले आणि विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. हा ओघ लंडनकडेच वळावा अशी राज्यव्यवस्थाही होती. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा १९२२ सालापूर्वीं फक्त तेथेंच होत असे. बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्यास तर ‘इन’ नांवाच्या कायदेपंडितांच्या संस्थेंत बारा सत्रें भरावीं लागत, आणि सत्र भरणें म्हणजे तेथील ठराविक भोजनांस हजर राहणें. जेवणांची इतकी काटेकोर मोजदाद होई. पण पंगतीवरून उठल्यावर विद्यार्थ्यानें निवारा मात्र आपला आपण शोधावयाचा असे.

तो कसा शोधला जाई, हें १८८८ सालीं तेथें गेलेल्या मोहनदास गांधींच्या आत्मकथेवरून चांगलें समजतें. पहिला मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलांत झाला आणि तेथील बिल पाहून ते हबकले. डॉ. प्राणजीवन मेहतांनीं त्यांना सांगितलें कीं, इंग्लंडांत येण्याचा खरा लाभ येथील लोकांचें जीवन जाणून घेण्यांत आहे, तेव्हां एखाद्या कुटुंबांत राहावें. त्याप्रमाणें ते एका विधवा बाईंच्या घरीं राहूं लागले. बाई प्रेमळ होत्या, पण मांसाहार न करण्याची आईजवळ शपथ घेऊन आलेल्या मुलास काय वाढावें, हें त्यांना उमजेना. मुलगा संकोचानें पावाचा आणखी एक तुकडाही मागेना. अखेर रोज दहा-बारा मैल पायीं हिंडतां हिंडतां फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी भोजनगृह सांपडलें, आणि विलायतेंत आल्यापासूनचें पहिलें पोटभर जेवण त्यांना तेथें मिळालें. मग पै-पैचा हिशोब सुरू झाला. कुटुंब सोडून स्वतंत्र खोल्या, पुढें एकच खोली, शेगडीवर ओटची लापशी, संध्याकाळीं पाव आणि कोको. दिवसाचा भोजनखर्च एक शिलिंग तीन पेन्स. पोट कोठें भरेल, पायीं किती जातां येईल आणि हातांतल्या पैशांत काय बसेल हें कळलें, म्हणजे परकें शहर निम्में आपलें होतें. पुढें दक्षिण आफ्रिकेंत असतांना गांधींनीं लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं एक मार्गदर्शिकाच लिहून काढली, आणि आठवड्यास एका पौंडांत तेथें नीट राहतां येतें असें तींत मांडलें. ती त्यांच्या हयातींत छापली गेली नाहीं.

दुसरा मार्ग स्नेह्यांचा. ज्या रखमाबाईंच्या खटल्यानें मुंबईंत काहूर उठविलें होतें, त्या १८८९ सालीं लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकावयास गेल्या, तेव्हां मॅक्लॅरेन दांपत्यानें त्यांना आपल्या घरीं आश्रय दिला. परंतु असे यजमान किती जणांना लाभणार? विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदी विद्यार्थ्यांची संख्या सातशेंच्या घरांत गेली. कातडीचा रंग पाहून ‘खोली नुकतीच दिली’ असें सांगणाऱ्या घरमालकिणी कित्येकांना भेटल्या. ज्या साम्राज्याचे आपण प्रजाजन म्हणवितों त्याच्या राजधानींत आपल्याला भाड्यानेंही जागा नाहीं, हा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षां जलद शिकला जातो.

ही उणीव पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनीं ओळखली. १ जुलै १९०५ रोजीं लंडनच्या हायगेट भागांत, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाच्या घरांत, त्यांनीं सुमारें पंचवीस विद्यार्थ्यांची सोय असलेलें ‘इंडिया हाऊस’ उघडलें. पुढील वर्षीं लोकमान्य टिळकांच्या शिफारशीनें शिवाजी शिष्यवृत्ति मिळवून विनायक दामोदर सावरकर तेथें राहावयास आले. त्या घरांत कोणतें राजकारण शिजलें हें मराठी वाचकास ठाऊक आहे. पण त्यापूर्वीं तें एक बिऱ्हाड होतें, हें विसरतां कामा नये. जेथें दारांत कोणी अडवीत नाहीं, तेथें मनुष्य मोकळेपणानें बोलतो. आणि त्या काळीं मोकळेपणानें बोलण्याचा विषय दुसरा कोणता असणार?

सरकारलाही जाग आली. १९०७ सालीं भारतमंत्री मोर्ले यांनीं हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं मुंबई इलाख्यांत पूर्वीं अधिकारी असलेले सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. विद्यार्थ्यांच्या गैरसोयी आणि त्यांचीं मतें या दोहोंचीही तिला सारखीच काळजी होती. तिचा अहवाल त्या वेळीं प्रसिद्ध झाला नाहीं. तो उजेडांत यावयास १९२२ साल उजाडावें लागलें. समितीचे एक सभासद सर कर्झन वायली. १ जुलै १९०९ रोजीं, इंडिया हाऊस उघडल्यास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, हिंदी विद्यार्थी व इंग्रज मंडळी यांचा परिचय वाढावा या हेतूनें नॅशनल इंडियन असोसिएशननें भरविलेल्या संमेलनांत मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्यानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. परक्या शहरांत आपलेपणा निर्माण करण्याच्या या खटाटोपाचा असा शेवट झाला.

त्याच वर्षीं सरकारनें टी. डब्ल्यू. अर्नोल्ड या विद्वानाच्या हाताखालीं विद्यार्थ्यांसाठीं माहिती-कार्यालय काढलें. १९१० पासून त्याचें ठाणें साउथ केन्सिंग्टनमध्यें, २१ क्रॉमवेल रोड येथें होतें. नवख्या विद्यार्थ्यास तात्पुरतें राहण्यासाठीं तेथें खोल्याही होत्या. योगायोग असा कीं, दोन्ही घरांच्या पत्त्यांत क्रॉमवेलचेंच नांव; पण पहिल्या घरीं विद्यार्थी आपण होऊन गेले आणि दुसऱ्याकडे कित्येकांनीं संशयानें पाहिलें. न्यायानें पाहतां या कार्यालयानें बिऱ्हाडें सुचविलीं, प्रवेशासाठीं खटपट केली, आणि अर्नोल्डसाहेबांची विद्वत्ता व सौजन्य यांबद्दल शंका नाहीं. तथापि जो हात खोलीची किल्ली देतो तोच हात आपल्याविषयीं टिपण लिहितो, असा समज एकदां पसरल्यावर किल्लीची किंमत ती काय राहिली?

याच्या उलट उदाहरण १९२० सालचें. हिंदुस्थानांतील वाय. एम. सी. ए. संस्थेनें के. टी. पॉल यांच्या पुढाकारानें ब्लूम्सबरींत, महायुद्धांत सैनिकांसाठीं बांधलेल्या ‘शेक्सपिअर हट’ नांवाच्या इमारतींत, हिंदी विद्यार्थ्यांचें वसतिगृह सुरू केलें. संस्था ख्रिस्ती, परंतु दार सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांस उघडें, आणि चालक हिंदी. एका मिशनरी परंपरेच्या संस्थेला जें साधलें तें राज्यकर्त्यांना कां साधलें नाहीं, याचा विचार केला तर उत्तर एकच सुचतें: तेथें ताटावर बसणाऱ्याला आपली झडती होत आहे असें वाटत नव्हतें. ती संस्था आज फिट्झरॉय चौकांत नांदत आहे.

आपल्या महाराष्ट्रानेंही एका बिऱ्हाडाची कदर केली आहे. १९२१-२२ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनांत १० किंग हेन्रीज रोड येथें राहून अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. तें घर २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें विकत घेऊन तेथें स्मारक केलें.

आज लंडनला जाणारा विद्यार्थी निघण्यापूर्वींच खोली ठरवितो, आणि विमानांतून उतरतांच घरच्यांना तोंड दाखवून बोलतो. आईबाप रोज रात्रीं विचारतात, जेवलास का, कोठें होतास, बरोबर कोण होतें. यांतील पहिला प्रश्न मायेचा आहे; पुढचे दोनही मायेचेच आहेत, पण ते रोज विचारले जाऊं लागले कीं मुलगा पहिल्याचेंही उत्तर तुटक देऊं लागतो. क्रॉमवेल रोडवरील त्या घराची कथा सरकारची आहे खरी. परंतु ज्यांचीं मुलें आज बाहेरदेशीं आहेत, त्यांनींही ती एकदां मनांत आणावी. मुलाच्या खर्चाची तरतूद करावी, एखाद्या स्नेह्याचा पत्ता द्यावा, आणि नंतर शहराची ओळख त्याची त्याला करून घेऊं द्यावी. फॅरिंग्डन स्ट्रीटवरील तें भोजनगृहही त्या मुलाला पायपीट करूनच सांपडलें होतें.